नाणेघाट–जीवधन फेरा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा फेरा नेमका कुठून कुठे जातो?

कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर मुरबाड आणि टोकावडे मागे टाकलं की वैशाखरे गाव येतं. गावापुढे थोड्याच अंतरावर उजव्या हाताला नाणेघाटाची वाट सुटते. इथून कोकणातून वर चढायचं, सातवाहनकालीन लेणं पाहून खिंडीतून पठारावर यायचं आणि पठारावरून दक्षिणेला वानरलिंगी सुळक्याच्या खिंडीकडे जायचं. तिथून जीवधनच्या पश्चिमेकडच्या कल्याण दरवाजानं गडावर शिरायचं. गड ओलांडून पूर्वेच्या जुन्नर दरवाजानं घाटघर गावात उतरायचं आणि गावातून डांबरी रस्त्यानं परत नाणेघाट गाठायचा. शेवटी आलो त्याच घाटानं खाली.

आकार पळीसारखा आहे. घाटाची चढण हा पळीचा दांडा, जीवधनचा फेरा ही वाटी. दांड्यावरून दोनदा जावं लागतं, पण वाटीत एकही पाऊल परत पडत नाही.

अंतर किती, चढ किती?

चालणं १८ ते २० किलोमीटरच्या घरात जातं. वैशाखऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंत सुमारे ६०० मीटर चढ आहे. जीवधनची उंची समुद्रसपाटीपासून ३७५४ फूट, म्हणजे साधारण ११४५ मीटर. त्यामुळे पठारावरून आणखी साडेतीनशे-चारशे मीटर चढावं लागतं. दिवसभरात हजार मीटरच्या आसपास चढ आणि तेवढाच उतार. गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते, आणि तीही शेवटच्या दोन तासांत.

एका दिवसात होतो का?

होतो, पण पहाटे निघालात तरच. हिवाळ्यात उजेड जेमतेम अकरा तास असतो आणि या फेऱ्याला थांबे धरून बारा तास लागतात. जमणारं वेळापत्रक असं: सकाळी ६ वाजता बॅटरीच्या उजेडात महामार्ग सोडा. पावणेनऊपर्यंत लेणं आणि साडेनऊला पठार. ११ वाजता वानरलिंगीची खिंड, १२ वाजता गडावर. गडाला दीड तास द्या. दुपारी ३ वाजता घाटघर, सव्वाचारला पुन्हा नाणेघाट, सव्वासहाला महामार्ग.

यात एक वेळ काटेकोर पाळायची: दुपारी १२ वाजेपर्यंत वानरलिंगीच्या खिंडीत पोहोचला नाहीत, तर कल्याण दरवाजाचा नाद सोडा आणि मागे फिरा. कल्याण दरवाजाच्या वाटेवरचा कातळटप्पा घाईत चढणं आणि घाट पूर्ण अंधारात उतरणं, अपघात या दोन ठिकाणीच होतात. दोन्हींची सुरुवात सकाळी उशिरा निघण्यातून झालेली असते.

दोन दिवसांत केला तर?

हाती सुट्टी असेल तर दोन दिवसच घ्या. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत घाट चढा, लेणं सावकाश पाहा आणि घाटघरात मुक्काम करा. गावात आधी सांगून ठेवलं तर जेवणाची आणि पडवीत झोपण्याची सोय होते. दुसऱ्या दिवशी गावातून पठारावर परत येऊन वानरलिंगीमार्गे जीवधन करा आणि उतरा. असं केलं की कातळटप्पा ताज्या पायांनी चढता येतो, हा मोठा फायदा.

कल्याण दरवाजानंच वर का जायचं? उलट दिशेनं चालत नाही का?

चालतं, पण आम्ही सुचवत नाही. दोन्ही दरवाजांकडच्या वाटा १८१८ साली इंग्रजांनी गड घेतल्यानंतर उद्ध्वस्त झाल्या, पायऱ्या तुटल्या. कल्याण दरवाजाकडची बाजू त्यातली अवघड. तिथे कातळ चढून जाणं हे उतरण्यापेक्षा सोपं असतं: चढताना पुढची खोबण डोळ्यांसमोर असते, उतरताना ती पायानं चाचपडत शोधावी लागते आणि त्याच वेळी खालची खोली दिसत असते. जुन्नर दरवाजाची बाजू त्यामानानं सोपी आहे, म्हणून ती उतरणीला ठेवायची.

दुसरं कारणही आहे. हा गड घाटाच्या राखणीसाठी उभा आहे. कोकणातून घाट चढून, लेण्यापाशी थांबून मग गडाकडे गेलं की घाट, जकात आणि गड यांचा संबंध न सांगता कळतो. गाडीनं थेट घाटघरला येऊन गड चढणाऱ्याला तो कळत नाही.

कातळटप्पा किती अवघड आहे? दोर लागतो का?

टप्पा उंच नाही, दीड-दोन पुरुष असेल. पण त्याच्या अलीकडची वाट अरुंद आहे आणि एका बाजूला दरी, त्यामुळे तोल गेला तर सावरायला जागा नाही. सवय असलेल्याला कोरड्या दिवशी तो विनादोर जमतो. गटात एकही नवखा असेल तर दोर हवाच.

२० ते २५ मीटर दोर पुरतो. टप्पा एवढासा असूनही इतका दोर कशाला, असं वाटेल. पण दोर टप्प्याच्या ओठावर बांधायचा नसतो. मागे सरकून पक्का आधार शोधायचा, तिथे बांधायचा आणि मग खाली सोडायचा, यात निम्मा दोर जातो. क्रम असा:

गटातला सगळ्यात अनुभवी माणूस आधी चढेल, पाठीवर सॅक न घेता. वर गेल्यावर तो आधार तपासेल. कातळात मारलेले जुने बोल्ट, गंजलेल्या सळया किंवा कुणीतरी सोडून गेलेला दोर यांच्यावर भार टाकायचा नाही. उन्हापावसात राहिलेला दोर बाहेरून धड दिसतो आणि आतून कुजलेला असतो. आधार दोन असावेत, म्हणजे एक सुटला तरी दुसरा धरतो. मग खालच्या माणसाच्या हार्नेसला (कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्याला) दोर आठच्या गाठीनं बांधायचा आणि वरच्यानं तो चढेल तसा ढील न ठेवता ओढून घ्यायचा. नुसता दोर हातात धरून लोंबकळत चढणं म्हणजे सुरक्षा नव्हे. हात घामेजले की तो सुटतो. सॅका सगळ्यात शेवटी वेगळ्या ओढून घ्या.

चढताना दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम कातळावर ठेवा. जुन्या पायऱ्यांचे उरलेले तुकडे पायाला चांगले लागतात, पण प्रत्येकावर आधी पाय आपटून पाहा. आणि शरीर कातळाला चिकटवू नका. भीतीनं सगळे तेच करतात. त्यानं पायावरचा भार कमी होतो आणि बूट घसरतो.

टप्पा ओला असेल तर परत फिरा. यात तडजोड नाही.

पठारावर वाट चुकते असं ऐकलं आहे. कुठे?

खिंडीतून पठारावर आल्यावर उजव्या बाजूला जीवधनची भिंत दिसते. तिच्याकडे तोंड करून चालायचं आणि मग रानात शिरायचं. रानात दोन ओढे ओलांडावे लागतात, ते लागले म्हणजे वाट बरोबर आहे. पुढे चढण सुरू होते आणि झाडीतून वानरलिंगी अचानक डोक्यावर येते.

चुका दोन होतात. पहिली, रानात गुरांच्या ठळक ढोरवाटेनं डावीकडे सरकत जाणं. ही वाट भिंतीच्या पायथ्यानं घाटघरकडे नेते. धोका नाही, फक्त कल्याण दरवाजा हुकतो. दुसरी चूक वाईट: फार उजवीकडे जाऊन कड्याच्या बाजूला लागणं. तिथे गवत कड्याच्या ओठापर्यंत वाढलेलं असतं आणि ओठ दिसत नाही. ऑक्टोबरात कमरेएवढ्या गवतात किंवा सकाळच्या धुक्यात हे सहज घडू शकतं. पंधरा मिनिटं चाललात आणि एकही ओढा लागला नाही, तर थांबा आणि शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे या.

मोबाइलवर नकाशा आधीच उतरवून ठेवा, रेंज येते-जाते. आणि नकाशावर ‘घाटघर’ शोधताना जपून: जुन्नर तालुक्यातलं घाटघर वेगळं आणि भंडारदऱ्याजवळचं, अकोले तालुक्यातलं घाटघर वेगळं. चुकीच्या घाटघरला गाडी बोलावून बसलात तर दिवस गेला.

वाटाड्या घ्यावा का?

पहिल्यांदा जात असाल तर हो. घाटघरचा कुणी घ्या आणि तो कल्याण दरवाजानं नेहमी जातो का, हे आधी विचारा. दर आधी ठरवा, जेवण आपल्यातलं द्या.

पाणी कुठे मिळतं?

निघताना माणशी ४ लिटर, फेब्रुवारीनंतर ५. लेण्याच्या शेजारी कातळात खोदलेली टाकी आहेत. पावसाळ्यानंतर काही महिने त्यांतलं पाणी चांगलं असतं, तरी गाळून आणि औषध घालूनच प्या. जीवधनवरही टाकी आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. उन्हाळ्याकडे पाणी हिरवं होतं किंवा तळाला जातं. पाणी हमखास भरून घ्यायची जागा म्हणजे घाटघर गाव, आणि तिथे पोहोचायला दुपारचे तीन वाजतात. म्हणजे सकाळी सहापासून तीनपर्यंत, सगळा चढ आणि कातळटप्पा धरून, पाठीवरचंच पाणी. अर्धा लिटर शेवटपर्यंत राखून ठेवा.

टाक्यात हात-पाय धुऊ नका, बाटली थेट बुडवू नका. भांड्यानं काढून बाहेर घ्या. गुरं आणि गुराखी याच पाण्यावर असतात.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते जानेवारी. ऑक्टोबरात रान हिरवं असतं पण गवत वाट झाकतं आणि सकाळी कातळ ओलसर राहतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून ऊन चटका देऊ लागतं. घाटाची चढण सकाळी सावलीत असते, पण परतीला दुपारचं पश्चिमेचं ऊन थेट तोंडावर येतं.

पावसाळ्यात हा पूर्ण फेरा करू नका. नाणेघाटापर्यंत जाऊन परत येता येतं. तेव्हा वाऱ्यानं धबधब्याचं पाणी कड्यावरून वर उलटं फेकलं जातं, ते पाहायला गर्दीही लोटते. पण जीवधनचा कातळ शेवाळलेला असतो, रानातले ओढे फुगलेले असतात आणि पठारावर ढग बसला की दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. उलट्या धबधब्याच्या काठावर उभं राहून फोटो काढणंही टाळा. वारा एका क्षणी ढकलतो आणि दुसऱ्या क्षणी थांबतो. त्याच्यावर रेललेला माणूस पुढे जातो.

लेण्यात नक्की काय पाहायचं?

इथे किमान अर्धा तास थांबा. बहुतेक लोक इथे बसून डबा खातात आणि निघून जातात, हे बघून वाईट वाटतं.

कोकणातली कल्याण, सोपारा ही बंदरं आणि देशावरची जुन्नर, पैठण ही गावं जोडणारा हा व्यापारी मार्ग होता. पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. खिंडीच्या जरा खाली हे चौकोनी लेणं आहे. त्याच्या डाव्या आणि उजव्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला मोठा लेख आहे. तो सातकर्णीची राणी नागनिका हिच्याशी जोडलेला असून साधारण इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानला जातो. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची नोंद आहे: इतक्या गायी, इतके घोडे, इतके हत्ती, इतके कार्षापण (त्या काळची नाणी).

या ‘इतक्या’मुळेच लेख जगात महत्त्वाचा ठरला. या संख्या अंकांत लिहिल्या आहेत आणि भारतातल्या अंकलेखनाच्या सगळ्यात जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे एकाखाली एक दोन आडव्या रेघा. शून्य अजून नाही, म्हणून दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं आहेत. १७००, ११००० आणि २४४०० असे मोठे आकडेही त्यात आहेत. इंग्रज अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८२८ मध्ये या लेखाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं.

समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. मूर्ती फुटून गेल्या, आता पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. पण वर कोरलेल्या नावांमुळे कोण कुठे उभं होतं ते कळतं: सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रनकयिरो, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. ‘महारठी’ हा शब्द दोन हजार वर्षांपूर्वी इथे कोरलेला आहे, तो जरूर शोधा.

अक्षरं उथळ आहेत आणि सरळ उजेडात दिसत नाहीत. बॅटरी भिंतीच्या बाजूनं, तिरपी धरली की खाचांत सावली पडते आणि ओळ उठून दिसते. त्यासाठी अक्षरांवर खडू, राख, पाणी यांतलं काहीही लावू नका. बोटही फिरवू नका. दगडाचा पृष्ठभाग झिजलेला आहे आणि गेलेलं अक्षर पुन्हा येत नाही.

लेण्यात झोपता येतं का?

झोपू नका आणि चूल तर मुळीच पेटवू नका. धुराची काजळी अक्षरांत बसते. हे संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाची नासधूस केल्यास प्राचीन स्मारकांबाबतच्या १९५८ च्या कायद्यानुसार, नंतरच्या दुरुस्तीसह, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मुक्कामाला घाटघर आहे.

खिंडीतला दगडी रांजण कशाचा?

घाट संपतो तिथे, वाटेच्या कडेला एक भलामोठा दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात यात टाकली जात असे, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. एकसंध दगडाचा आहे, काठ गुळगुळीत झालेला. आत प्लास्टिकच्या बाटल्या दिसल्या तर काढून सॅकमध्ये टाका. खिंडीला लागूनच नानाचा अंगठा हा कडा आहे. वर जाऊन पाहायला वीस मिनिटं पुरतात, पण काठाला कठडा नाही.

जीवधनवर काय चुकवू नये?

कोठी. आतून एकात एक अशा पाच दालनांचं हे दगडी धान्यकोठार आहे. आत काळोख असतो, बॅटरीशिवाय काही दिसत नाही. कोरलेली कमळं पाहा. जमिनीवर भुरभुरीत राखेचा थर आहे. १८१८ च्या लढाईत कोठाराला आग लागली, तिची ती राख असं सांगतात. ती उडते, म्हणून नाकावर रुमाल धरा आणि सावकाश पावलं टाका. आत वटवाघळं असू शकतात, ओरडू नका.

दारातून आत आल्यावर समोर गजलक्ष्मीचं शिल्प आहे, दक्षिणेला जीवाई देवीच्या देवळाचे अवशेष. मग गडाच्या टोकावरून वानरलिंगी पाहा. साडेतीनशे फुटांचा हा सुळका गडापासून सुटा उभा आहे आणि पलीकडे थेट कोकण. काठापासून दोन पावलं मागे बसून पाहा, वारा इथे वळसा घालून येतो.

इतिहासातला एक धागा डोक्यात ठेवला तर गड मोठा वाटतो. निजामशाही बुडाल्यावर शहाजीराजांनी याच गडावर कैदेत असलेल्या मूर्तिजा नावाच्या लहान वारसाला सोडवून पेमगिरी किल्ल्यावर गादीवर बसवलं आणि त्याच्या नावानं कारभार केला. तीनेक वर्षांत, १६३६ मध्ये, माहुलीच्या तहानं तो डाव संपला आणि जीवधन मोगलांकडे गेला.

वानरलिंगी चढता येते का?

ते पूर्ण प्रस्तरारोहण आहे, वेगळा दिवस, वेगळी सामग्री आणि प्रशिक्षित गट लागतो. या फेऱ्यात ते बसत नाही.

आग्यामोहोळांचं काय?

सुळक्याच्या आणि गडाच्या कड्यांवर पोळी असतात. अत्तर, डिओडरंट लावू नका, काही पेटवू नका, आरोळ्या देऊ नका. माशा उठल्याच तर हात झटकू नका. चेहरा आणि मान कापडानं झाकून, कड्यापासून दूर, झाडीच्या आत शांतपणे सरका. कातळटप्प्यावर असताना माशा दिसल्या तर वरच्या माणसाला तसं सांगा आणि जो अर्ध्यात आहे त्याला आधी वर घ्या.

बूट, काठी, इतर सामान?

पकड असलेला, वापरून मऊ झालेला बूट. नवा बूट उतारावर अंगठ्याचं नख काळं करतो. घाटाची वाट मोठमोठ्या दगडगोट्यांची आहे, त्यामुळे काठी उतरताना फार उपयोगी, पण कातळटप्प्याआधी ती सॅकला बांधून टाका. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, कारवीच्या रानात हात ओरखडतात. डोक्याला बांधायची बॅटरी प्रत्येकाकडे हवी, गटात एक अशी नाही. दगडाखाली, कपारीत हात घालताना आधी पाहा: फुरसं लहान असतं आणि दगडाच्या रंगात मिसळून जातं.

मध्येच सोडायचं झालं तर?

नाणेघाटाचा माथा आणि घाटघर, दोन्हीकडे जुन्नरहून डांबरी रस्ता येतो. पाय मुरगळला, उशीर झाला, कुणाला उन्हाचा त्रास झाला तर घाट उतरण्याचा हट्ट न धरता घाटघरहून जुन्नरला निघा. एसटीच्या फेऱ्या मोजक्या आहेत, म्हणून गावात जीपची चौकशी करून ठेवा. मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. रेंज नसेल तर दोघांनी गावाकडे जावं आणि एकानं जखमीपाशी थांबावं, म्हणून गट चारपेक्षा लहान नसावा.

परतीला महामार्गावर गाडी मिळते का?

माळशेज उतरून कल्याणकडे जाणाऱ्या एसटी इथून जातात, पण अंधारात हात दाखवून थांबतीलच असं नाही. वैशाखऱ्याच्या थांब्यापर्यंत चालत जा आणि रस्त्याच्या उजव्या कडेनं, बॅटरी सुरू ठेवून जा. वळणावर घाट उतरून आलेल्या गाड्या वेगात असतात. कल्याण साठेक किलोमीटर आहे.